ज्यांच्या नावाने खटले ओळखले जातात

फ्लोरिडा राज्यातील पनामा सिटी या गावात १९६१ च्या ऑगस्ट महिन्यात एका फुटकळ चोरीचा खटला उभा राहिला. पूल खेळण्याच्या अड्ड्याचे दार फोडून आत शिरल्याचा आणि तिथल्या यंत्रांमधली चिल्लर व काही बाटल्या पळवल्याचा आरोप क्लॅरन्स अर्ल गिडियन या माणसावर होता. वय पन्नाशीचे, शिक्षण बेताचे, आणि पूर्वायुष्यातली बरीच वर्षे तुरुंगात गेलेली. खटला पुकारला गेला तेव्हा आपली तयारी झालेली नाही, कारण आपल्याला वकील नाही, असे त्याने सांगितले. न्यायाधीशांनी दिलगिरी व्यक्त केली आणि समजावले, की फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे देहदंडाचा गुन्हा असेल तरच सरकारी खर्चाने वकील देता येतो. त्यावर गिडियन म्हणाला, “मला वकील मिळण्याचा हक्क आहे, असे अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय सांगते.”

सर्वोच्च न्यायालय त्या दिवशी तरी तसे काही सांगत नव्हते. बेट्स विरुद्ध ब्रेडी या १९४२ च्या निकालात न्यायालयाने नेमके उलटे म्हटले होते, की राज्यांच्या न्यायालयांत गरीब आरोपीला वकील दिलाच पाहिजे असे नाही, काही विशेष अडचण असेल तर पाहावे. म्हणजे कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे न्यायाधीश बरोबर होते आणि आरोपी चूक होता. गिडियनने स्वतःच स्वतःची बाजू मांडली, साक्षीदारांना जमतील तसे प्रश्न विचारले, आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन तो तुरुंगात गेला. तिथून १९६२ च्या जानेवारीत त्याने तुरुंगाच्या छापील रेघी कागदावर, पेन्सिलीने, सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. त्यातले शुद्धलेखन यथातथाच आहे. आपण निर्दोष आहोत की नाही यावर त्याने भर दिलेला नाही. आपण वकील मागितला आणि तो मिळाला नाही, हे एकच गाऱ्हाणे त्यात आहे.

मी व्यवसायाने वकील नाही. निकालपत्रे वाचण्याचा नाद मात्र जुना आहे, आणि त्यातही निकाल लागल्यावर त्या पक्षकाराचे पुढे काय झाले, हे शोधत बसण्याची खोड आहे. अमेरिकन घटनेच्या बाबतीत ही खोड फार कामाला येते, असे मला वाटते. तिथे पाठ्यपुस्तकांत खटल्याचे नाव उरते, तत्त्व उरते, निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचे तैलचित्र उरते. ज्याच्या आडनावाने ते तत्त्व ओळखले जाते तो माणूस पहिल्या दोन परिच्छेदांनंतर पुस्तकातून नाहीसा होतो.

खरे पाहता त्या माणसावाचून तिथली घटना बोलतच नाही. अमेरिकन राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने न्यायालयांना अधिकार दिला तो प्रत्यक्ष खटले आणि वाद यांच्यापुरता. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष असताना, १७९३ मध्ये, फ्रान्सबरोबरच्या करारांमुळे काही नाजूक प्रश्न उभे राहिले आणि परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी न्यायमूर्तींकडे त्यांची रीतसर यादी पाठवली. न्यायमूर्तींनी उत्तर देण्यास विनयाने नकार दिला. सल्ला देणे हे आपले काम नव्हे, वाद समोर आला तर निवाडा करू, ही त्यांची भूमिका आजवर टिकून आहे. आपल्याकडे राष्ट्रपतींना १४३ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवता येते. तिथे ती सोय नाही. प्रश्न कितीही मोठा असो, तो कोणाच्या तरी अंगावर शेकल्याखेरीज न्यायालयाच्या दारात उभा राहू शकत नाही. म्हणून तिथल्या प्रत्येक मोठ्या तत्त्वाच्या मुळाशी कोणाची तरी अटक, कोणाचे तरी तिकीट, कोणाचे तरी अडकलेले नेमणूकपत्र सापडते.

नेमणूकपत्राची गोष्ट तर सर्वांत जुनी. अध्यक्ष जॉन ॲडम्स निवडणूक हरले होते आणि पद सोडण्याआधी त्यांनी आपल्या पक्षाच्या माणसांची घाईघाईने वर्णी लावली. विल्यम मार्बरी या जॉर्जटाउनच्या सधन गृहस्थाला शांतता न्यायाधीशाचे पद मिळाले. पद किरकोळ, मुदत पाच वर्षांची. नेमणूकपत्रावर सही झाली, शिक्का उमटला, फक्त ते पोहोचवायचे राहिले. ते पोहोचवण्याची जबाबदारी होती तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांची. नवे अध्यक्ष जेफरसन आले आणि त्यांनी उरलेली पत्रे रोखून धरली. मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तिथे सरन्यायाधीशांच्या आसनावर कोण, तर तेच जॉन मार्शल! ज्यांच्या कार्यालयातून पत्र निघायचे राहिले त्यांनीच त्या पत्राचा निवाडा करावा, यात कोणाला काही वावगे वाटले नाही. आज असे घडले असते तर पहिल्याच दिवशी गदारोळ झाला असता.

मार्शल यांनी २४ फेब्रुवारी १८०३ रोजी दिलेला निकाल हा मुत्सद्देगिरीचा नमुना आहे. मार्बरीचा पत्रावर हक्क आहे, हे त्यांनी सविस्तर मान्य केले. सरकारने ते अडवणे बेकायदा आहे, हेही सांगितले. आणि मग ज्या कायद्याच्या कलमाखाली मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात आला होता ते कलमच घटनेशी विसंगत असल्यामुळे आम्हाला आदेश देण्याचा अधिकार नाही, असे म्हणून त्यांनी हात झटकले. जेफरसन यांना मोडण्यासाठी काही आदेशच उरला नाही, आणि संसदेचा कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार मात्र न्यायालयाच्या पदरात पडला. कायदा काय आहे हे सांगणे हे न्यायसंस्थेचेच कर्तव्य आहे, हे त्यातले वाक्य त्यानंतर अगणित वेळा उद्धृत झाले. मार्बरीला पत्र मिळाले नाही, ते कधीच मिळाले नाही. आपल्याकडच्या वाचकांना इथे केशवानंद भारतींची आठवण व्हावी. घटनेच्या मूलभूत चौकटीला त्यांचे नाव चिकटले, पण मठाच्या जमिनीचा जो प्रश्न घेऊन ते आले होते तो काही त्यांच्या मनासारखा सुटला नाही.

हा नवा अधिकार न्यायालयाने संसदेच्या कायद्यावर दुसऱ्यांदा वापरला तो १८५७ मध्ये, आणि तो अशा रीतीने की त्याचे नाव काढताच आजही अमेरिकन वकील खजील होतात. ड्रेड स्कॉट हा गुलाम आपल्या लष्करी डॉक्टर मालकाबरोबर गुलामगिरीला बंदी असलेल्या प्रदेशात वर्षानुवर्षे राहिला होता, म्हणून आपण मुक्त आहोत असा त्याचा दावा होता. सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी निकाल दिला, की कृष्णवर्णीय माणूस, मग तो गुलाम असो वा मुक्त, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. संसदेने काही प्रदेशांत गुलामगिरीवर घातलेली बंदीही त्यांनी घटनाबाह्य ठरवली. स्कॉटला मुक्ती मिळाली ती निकालानंतर तीनच महिन्यांच्या आत, न्यायालयाच्या बाहेर. त्याच्या पहिल्या मालकाच्या घराण्यातल्या एकाने त्याची मालकी आपल्याकडे घेऊन त्याला रीतसर मोकळे केले. सेंट लुईसच्या एका हॉटेलात तो हमालीचे काम करू लागला आणि पुढच्याच वर्षी क्षयाने वारला. त्याने अकरा वर्षे न्यायालयांत घालवली होती, आणि मुक्त माणूस म्हणून त्याच्या वाट्याला जेमतेम सव्वा वर्ष आले. टॅनींचा निकाल पुसण्यासाठी यादवी युद्ध आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती लागली.

त्या घटनादुरुस्तीतली कायद्याच्या समान संरक्षणाची हमी कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी न्यू ऑर्लिन्समधल्या नागरिकांच्या एका समितीने पुढे मुद्दाम एक खटला घडवून आणला. होमर प्लेसी हा चपलाबूट तयार करणारा तरुण दिसायला गोरा होता. त्याच्या आठ पणजी-पणजोबांपैकी सात गोरे होते. ७ जून १८९२ रोजी तो गोऱ्यांच्या डब्यात बसला, आणि आपण कोण आहोत हे सांगून, ठरल्याप्रमाणे, अटक करवून घेतली. चार वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मताने सांगितले, की डबे वेगळे पण सोयी समान असतील तर समानतेचा भंग होत नाही. प्लेसीने १८९७ मध्ये गुन्हा कबूल करून २५ डॉलर दंड भरला. लुइझियानाच्या गव्हर्नरांनी त्याला मरणोत्तर माफी दिली ती २०२२ च्या जानेवारीत.

विरोधात गेलेले ते एक मत न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांचे. आमची राज्यघटना रंग ओळखत नाही, हे त्यांचे वाक्य शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्याच भिन्नमतात थोडे पुढे एक परिच्छेद आहे, तो सहसा कोणी उद्धृत करत नाही. आपल्यापेक्षा इतका वेगळा एक वंश आहे की त्यातल्या लोकांना आपण नागरिकच होऊ देत नाही, असे चिनी लोकांविषयी लिहून हार्लन म्हणतात, की या कायद्याखाली चिनी माणूस गोऱ्यांच्या डब्यात बसू शकतो आणि कृष्णवर्णीय नागरिक मात्र बसू शकत नाही! ज्यांना आपण ‘काळाच्या पुढचे’ म्हणून डोक्यावर घेतो त्यांची पाने पुढे उलटली की असे काहीतरी हाती लागतेच. दोनच वर्षांनी हार्लन यांच्यासमोर खरोखरच एक चिनी माणूस आला, आणि त्या वेळी ते त्याच्या विरोधात गेले.

त्याचे नाव वाँग किम आर्क. तो स्वयंपाकी होता, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला. चीनला जाऊन तो १८९५ मध्ये परतला तेव्हा, आपण इथेच जन्मलो याची ग्वाही देणाऱ्या साक्षीदारांच्या सह्यांचा कागद जवळ असूनही त्याला बंदरावर उतरू दिले नाही. काही महिने तो किनाऱ्यालगत नांगरलेल्या जहाजांवर अडकून पडला. न्यायालयाने १८९८ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की आईबाप कोणत्याही देशाचे प्रजाजन असोत, अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेले मूल चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे अमेरिकेचे नागरिक ठरते. त्या दोन विरोधी मतांत हार्लन होते.

या स्वयंपाक्याचे नाव गेल्या वर्षी आमच्या घरात बोलले जाऊ लागले. माझी भाची न्यू जर्सीत राहते, दोघेही नवरा-बायको तात्पुरत्या व्हिसावर नोकरी करतात, आणि तिचे दिवस भरत आले असतानाच, २० जानेवारी २०२५ रोजी, अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला, की आई तात्पुरत्या परवान्यावर असेल आणि वडील नागरिक किंवा कायमचे रहिवासी नसतील तर इथून पुढे जन्मणाऱ्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळणार नाही. तिसऱ्याच दिवशी सिएटलच्या न्यायाधीशांनी त्याला स्थगिती दिली, पण धाकधूक स्थगितीने जात नाही. “मामा, तो वाँग किम आर्कचा निकाल तू म्हणतोस तितका पक्का आहे ना रे?” असे तिने फोनवर विचारले तेव्हा मी तिला त्यातला मुद्दा समजावून सांगितला. वाँगचे आईवडील तिथे कायमचे राहत होते, आणि आदेशाचे समर्थक नेमके त्याच तपशिलावर बोट ठेवत होते, हेही तिला सांगावे लागले. जहाजावर अडकलेल्या माणसाची हकीकत ती त्या दिवशी ज्या लक्षपूर्वक ऐकत होती, तसे लक्ष मी कायद्याच्या विद्यार्थ्यांतही पाहिलेले नाही.

भारतीयांचा या न्यायालयाशी संबंध यायला आणखी पाव शतक लागले. भगतसिंग थिंड हे पंजाबहून १९१३ मध्ये गेलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात भरती झालेले गृहस्थ. परदेशातून येऊन नागरिक होण्याची मुभा तेव्हा मुक्त गोऱ्या व्यक्तींना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच होती. थिंड यांची बाजू मांडणाऱ्या वकिलाचे नाव वाचताना मराठी वाचकाचा डोळा थबकतो. सखाराम गणेश पंडित. ते लॉस एंजलिसमध्ये वकिली करत आणि १९१४ पासून स्वतः अमेरिकन नागरिक होते. वंशशास्त्र भारतीयांना कॉकेशियन मानते, म्हणून आम्ही गोरे, हा थिंड यांच्या बाजूचा युक्तिवाद. आज तो वाचताना संकोच वाटतो, कारण त्यात उच्च जातीचा अभिमानही पुढे केलेला आहे. आम्ही खालच्या लोकांत मिसळत नाही, हेच आमच्या गोरेपणाचे प्रमाण, असा त्याचा सूर आहे. न्यायाची याचना करताना आपली उतरंड बरोबर नेणारी माणसे, याहून बोचरे काही त्या कागदपत्रांत मला सापडले नाही.

त्याआधी तीनच महिने न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला सांगितले होते, की गोरा म्हणजे कॉकेशियन, केवळ कातडीचा रंग पाहून चालणार नाही. १९२३ च्या फेब्रुवारीत त्याच सदरलंड यांनी थिंड यांना सांगितले, की शास्त्र काय म्हणते ते बाजूला राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. निकाल एकमताचा होता. मग सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांची प्रमाणपत्रे रद्द करण्याचा सपाटा लावला, आणि अर्थात पंडितांवरही नोटीस आली. अशिलाचा खटला हरलेल्या या वकिलाने स्वतःच्या खटल्यात वंशाचा मुद्दा बाजूला ठेवला. इतकी वर्षे सरकारने मला नागरिक मानले, त्या भरवशावर मी सनद घेतली, संसार मांडला, अमेरिकन स्त्रीशी लग्न केले, आता सरकारला माघारी फिरता येणार नाही, असे त्यांनी मांडले, आणि ते खालच्या न्यायालयात व अपिलातही जिंकले. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सरकारचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही. थिंड यांना नागरिकत्व मिळाले १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठी झालेल्या एका वेगळ्या कायद्याखाली. पुन्हा तेच, दाद एका दारात मागितली आणि दुसऱ्याच दाराने मिळाली.

ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ या १९५४ च्या निकालाबद्दल इतके लिहिले गेले आहे, की मी त्यातली एकच गोष्ट सांगतो. प्लेसीचा निकाल शाळांपुरता मोडीत निघाला तेव्हा, जिच्यासाठी वडिलांनी दावा लावला होता ती कॅन्सस राज्यातल्या टोपीकाची लिंडा ब्राऊन प्राथमिक शाळा ओलांडून पुढे गेली होती. त्या खटल्यात एकत्र केलेल्या पाच दाव्यांपैकी एक व्हर्जिनियाच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीतला. बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध १९५१ मध्ये पुकारलेल्या संपातून तो उभा राहिला होता. खटला हरल्यावर त्या काउंटीने काय करावे? १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलपे ठोकली आणि ती पाच वर्षे उघडली नाहीत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांची शाळा सुटली ती सुटलीच.

गिडियनच्या पेन्सिलीच्या अर्जाचे मात्र चीज झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यासाठी एब फोर्टस यांना वकील नेमले, जे पुढे स्वतःच तिथे न्यायमूर्ती झाले. फ्लोरिडा सरकारने इतर राज्यांना पत्रे लिहून पाठिंबा मागितला, आणि झाले असे की २२ राज्यांनी उलट गिडियनच्या बाजूने निवेदन दिले. फ्लोरिडाच्या मागे दोनच उभी राहिली. १८ मार्च १९६३ रोजी एकमताने निकाल लागला. तो लिहिला ह्यूगो ब्लॅक यांनी, ज्यांनी १९४२ च्या बेट्स खटल्यात भिन्नमत दिले होते. एकवीस वर्षांपूर्वीचे आपले हरलेले मत कायदा म्हणून लिहायला मिळावे, हे भाग्य फार थोड्या न्यायमूर्तींच्या वाट्याला आले असेल. गिडियन सुटला नाही, त्याच्यावर पुन्हा खटला चालला. त्याच गावात, त्याच न्यायाधीशांपुढे. या वेळी गावातला एक मुरलेला वकील बरोबर होता. त्याने मुख्य साक्षीदाराची अशी उलटतपासणी घेतली, की अड्ड्यात चोर शिरलेला पाहूनही हा पोलिसांकडे का गेला नाही, हाच प्रश्न ज्यूरीच्या मनात राहिला. सुमारे तासाभरात गिडियन निर्दोष ठरला. वकील असण्यानसण्याने काय फरक पडतो, याचा इतका रोकडा पुरावा कोणत्याही प्रबंधात सापडणार नाही.

गर्भपाताच्या हक्काच्या खटल्यातली ‘जेन रो’, म्हणजे नॉर्मा मॅकॉर्व्ही, हिला तर निकालाचा उपयोग होणेच शक्य नव्हते. दावा १९७० चा, मूल त्याच वर्षी जन्मले आणि दत्तक गेले, निकाल आला १९७३ च्या जानेवारीत. पुढे ती गर्भपातविरोधी चळवळीत सामील झाली. २०२२ मध्ये न्यायालयाने तो निकालही मोडीत काढला. खटला नऊ महिन्यांत संपत नाही आणि वाद जिवंत असल्याखेरीज न्यायालय ऐकत नाही, या पेचातून १९७३ मध्ये न्यायालयाने अपवाद काढून वाट काढली होती.

ज्यांना जे हवे होते तेच मिळाले, असे जोडपे शोधायचे तर ते लव्हिंग पतिपत्नींचे. रिचर्ड गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी वंशाची. १९५८ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केले आणि व्हर्जिनियातल्या आपल्या गावी परतले, जिथे असा मिश्रविवाह गुन्हा होता. काही आठवड्यांनी शेरीफ मध्यरात्री त्यांच्या शयनगृहात शिरला. राज्यात पंचवीस वर्षे एकत्र पाऊल ठेवायचे नाही, या अटीवर त्यांची कैद टळली. १९६३ मध्ये मिल्ड्रेडने ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिले, त्यातून खटला उभा राहिला. एप्रिल १९६७ मधल्या युक्तिवादाचे ध्वनिमुद्रण आज कोणालाही ऐकता येते, आणि मी ते ऐकलेले आहे. तरुण वकील बर्नार्ड कोहेन समान संरक्षणाविषयी, वारसाहक्काविषयी नीट तयारी करून बोलतात आणि मध्येच आपल्या अशिलाचा निरोप सांगतात. “मिस्टर कोहेन, न्यायालयाला सांगा की माझे माझ्या बायकोवर प्रेम आहे, आणि मला तिच्याबरोबर व्हर्जिनियात राहता येत नाही हा निव्वळ अन्याय आहे.” रिचर्ड त्या दिवशी न्यायालयात आलाच नव्हता. तो गवंडीकाम करणारा अबोल माणूस, त्याला त्या संगमरवरी इमारतीत काही रस नव्हता, त्याला आपल्या गावी घर बांधायचे होते. १२ जून १९६७ रोजी न्यायालयाने एकमताने असे सगळे कायदे रद्द ठरवले, आणि त्याने ते घर बांधले. आठ वर्षांनी एका मोटार अपघातात तो गेला.

मिश्रविवाहाला बंदी घालणारे कलम अलाबामाच्या राज्यघटनेत मात्र छापलेले तसेच होते. ते निष्प्रभ झालेले कलम काढून टाकावे का, यावर तिथे २००० साली मतदान घेण्यात आले. प्रस्ताव मंजूर झाला, सुमारे ४० टक्के मते विरोधात पडली.